भोकांच्या गावचे सिलुएत

फ्रान्सच्या सरकारी सांख्यिकी संस्थेने आडनावांची एक प्रचंड यादी तयार केली आहे. १८९१ ते २००० या काळात देशात कुठल्या आडनावाची किती बाळं जन्मली, कुठल्या दशकात, कुठल्या जिल्ह्यात, याचा तो हिशेब. यादीत सगळ्यांत मोठं घराणं मार्तांचं. फ्रान्सच्या कुठल्याही चौकात उभं राहून 'अहो मार्तां' अशी हाक मारावी आणि कोणी तरी वळून बघावं, इतके ते पसरलेले. त्यांच्यामागे बेर्नार, तोमा, द्युबुआ, पती अशी प्रतिष्ठित गर्दी. मग गर्दी विरळ होत जाते, आकडे हजारांवरून शेकड्यांवर येतात, शेकड्यांवरून बोटांवर मोजण्याइतके होतात, आणि एक ओळ लागते : 'इतर नावे'. एकशे दहा वर्षांत ज्या आडनावाची तीस माणसंसुद्धा जन्मली नाहीत, ती सगळी त्या एका ओळीत. लग्नपत्रिकेत पणजोबांपासून तान्ह्या चिमुकलीपर्यंत सगळ्यांची नावं छापून झाल्यावर शेवटी 'आणि समस्त आप्तेष्ट' असतं ना, तसे हे फ्रान्सचे समस्त आप्तेष्ट. मला मार्तांविषयी आदर आहे, पण जीव जडतो तो या ओळीवर. एखादं आडनाव एका खोऱ्यापुरतं, चर्चच्या घंटेचा आवाज पोचेल तेवढ्याच टापूत शतकानुशतकं नांदतं आणि सरकारी हिशेबात त्याला स्वतःची ओळही मिळत नाही, यात काहीतरी फार सोज्ज्वळ आहे.

आडनावांचा नकाशा ही तशी मोठी करमणुकीची वस्तू. लोहाराचंच बघा. गावोगावी ऐरण होती म्हणून गावोगावी लोहार होता, आणि मध्ययुगात धंद्याची नावं माणसांना कायमची चिकटायला लागली तेव्हा प्रत्येक मुलखाने त्याला आपापल्या बोलीत चिकटवून घेतलं. उत्तरेत तो लफेव्र झाला, दक्षिणेत फाब्र, आग्नेयेला फोर, सव्हॉयच्या डोंगरात फाव्र, ब्रिटनीच्या खाऱ्या वाऱ्यात ल गॉफ आणि जर्मन वळणाच्या आल्सासमध्ये श्मिट. नकाशाला कान लावला तर एकाच घणाचे सहा ठोके ऐकू यावेत. त्यातल्या उत्तरेच्या लोहाराची कहाणी खास. जुन्या कारकुनांना आपल्याला लॅटिन येतं हे दाखवायची हौस. लॅटिनमध्ये लोहाराला फाबेर म्हणतात, म्हणून त्यांनी लफेव्रच्या पोटात एक 'ब' घालून ठेवला, उच्चारायचा नाही, नुसता मिरवायचा. त्या काळी 'उ' आणि 'व' एकाच अक्षराने लिहीत. पुढच्या पिढ्यांत कोणीतरी ते अक्षर न् अक्षर प्रामाणिकपणे वाचलं आणि लफेब्यूर नावाचं एक नवंच आडनाव जगात आलं. एकाने मिरवलेली विद्वत्ता आणि दुसऱ्याचा भाबडेपणा यांच्या संयोगातून अख्खं घराणं निघालं, ही कुळकथा मला सूर्यवंश-चंद्रवंशाच्या कथांपेक्षा कितीतरी विश्वसनीय वाटते. १५३९ साली पहिल्या फ्रांस्वा राजाने बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हापासून तर आडनावाचं भवितव्य गावच्या पाद्रीबुवांच्या कानांवर आणि टाकावर सोपवलं गेलं. त्यांना सर्दी झाली असेल त्या दिवशी काय काय घडलं असेल, कल्पना करावी.

देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पिरेनीजच्या पायथ्याशी आणि अटलांटिकच्या काठावर मात्र हा खेळ वेगळ्या नियमांनी चालला. तिथे बास्क लोक राहतात. त्यांची भाषा युरोपातल्या कुठल्याच भाषेची बहीण नाही, मावशी नाही, लांबची नात्यातलीसुद्धा नाही. आजूबाजूच्या भाषा यायच्या आधीपासून ती तिथे बसून आहे. या लोकांत घर आधी आणि माणूस नंतर. घराला नाव असतं, आणि जो त्या घरात राहतो त्याला ते नाव मिळतं. जावई सासुरवाडीला राहायला गेला की गाव त्याला त्या घराच्या नावाने हाक मारायला लागे. आपण 'कर' लावून गाव सांगतो. बास्क माणूस थेट उंबरठा सांगतो. 'एचे बेरी' म्हणजे नवं घर. कधीकाळी कोणीतरी नवं घर बांधलं, शेजाऱ्यांनी त्याला नव्या घरचा म्हटलं, आणि ते घर जुनं होऊन, पडून, त्यावर गवत उगवलं तरी त्याचे वंशज एचेव्हेरी म्हणजे नव्या घरचेच राहिले. पिरेनीजच्या पलीकडे नवारात याच नव्या घराचं हाविएर झालं. तिथल्या वाड्यात १५०६ साली एक मुलगा जन्मला, पॅरिसला शिकला, १५४२ साली गोव्याच्या धक्क्यावर उतरला, आणि आज जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये चांदीच्या पेटीत विसावला आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर. गोव्यात आणि वसईत झेवियर नावाचे जे असंख्य लोक आहेत, आणि मुंबईच्या त्या प्रसिद्ध कॉलेजात ज्यांच्या पिढ्या शिकल्या, त्या सगळ्यांच्या तोंडी एका बास्क शेतकऱ्याचं नवं घर आहे.

याच मुलखात कुठेतरी जमीन भोकाभोकांची होती. बास्कमध्ये भोकाला, खळग्याला, गुहेला 'सुलो' म्हणतात, आणि फ्रेंच बाजूच्या बोलींत 'सिलो'. पुढे 'एता' लावलं की ती गोष्ट जिथे भरपूर आहे ती जागा. सिलुएता म्हणजे भोकांची जागा. ती सशांची बिळं असोत, नाहीतर चुनखडीच्या कपारी. त्या जागेवर घर उभं राहिलं, घराला नाव मिळालं आणि घराने ते माणसांना दिलं. सरहद्दीपलीकडे या कुळाचे भाऊबंद सुलुएता आणि सुलोआगा म्हणून आहेत. त्यांतला इग्नासियो सुलोआगा तर मोठा चित्रकार झाला. फ्रेंच बाजूच्या सिलुएतांपैकी आर्नो नावाचा एक गृहस्थ बियारित्झहून निघाला आणि राजाच्या नोकरीत लिमोजला आला. तोवर नावाने फ्रेंच पोशाख चढवला होता. शेवटचा 'आ' गळून पडला, मध्ये एक मुका 'ह' आला, शेपटीला दोन 'त' आणि एक मुकं अक्षर, पुढे सरदारी थाटाचा 'द'. भोकांच्या गावाला विग आणि रेशमी मोजे घालून दरबारात उभं केल्यासारखं ते दिसायला लागलं. १७०९ साली लिमोजला आर्नोच्या घरी मुलगा झाला. एतियेन द सिलुएत.

एतियेन हुशार होता, आणि हुशार माणसांच्या वाट्याला येणारं दुर्दैव त्याच्याही वाट्याला आलं, म्हणजे त्याला अर्थमंत्री करण्यात आलं. विशीत त्याने चिनी लोकांच्या राज्यकारभारावर आणि नीतीवर पुस्तक लिहिलं होतं. इंग्लंडला जाऊन तिथला जमाखर्च जवळून पाहिला होता. इंग्रज कवी पोप याचं मानवावरचं दीर्घकाव्य फ्रेंचमध्ये आणलं होतं. राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिचा वरदहस्त होता. सप्तवार्षिक युद्ध ऐन भरात होतं, पंधराव्या लुईची तिजोरी रिकामी होती, आणि मार्च १७५९ मध्ये भोकांच्या गावचा हा माणूस फ्रान्सच्या तिजोरीचं भोक बुजवायला बसला. नियतीला कोट्या करायचा नाद आहे असं मला पूर्वीपासून वाटतं. तिच्या कोट्या कळायला फक्त बास्क यावं लागतं.

सुरुवात झकास झाली. कर गोळा करण्याचा मक्ता घेतलेल्या धनाढ्यांच्या नफ्यात त्याने जनतेला वाटेकरी केलं, हजार हजार लिव्र किमतीचे ७२ हजार भाग काढले, पैसा आला, पॅरिसने टाळ्या वाजवल्या. मग त्याने टाळ्या वाजवणाऱ्यांकडेच मोर्चा वळवला. नोकर किती आहेत त्यावर कर, गाड्याघोडे किती आहेत त्यावर कर, चैनीवर कर. सरदारांची निवृत्तिवेतनं कापायची. घरातली चांदीची ताटं-भांडी टांकसाळीत आणून द्यायची, वितळवून नाणी पाडायची. राजानेसुद्धा आपली चांदी पाठवली. त्याच सप्टेंबरात कॅनडातलं क्वेबेक इंग्रजांच्या हाती गेलं, ऑक्टोबरात खजिन्याने देणी थांबवली, आणि नोव्हेंबरात सिलुएत घरी गेला. एकूण कारकीर्द साडेआठ महिन्यांची. श्रीमंतांना थोडंसं दुखवलं की ते रडत नाहीत, हसतात, आणि त्यांचं हसू फार लांबवर ऐकू जातं. माझं मत विचाराल तर माणूस बरोबर होता. फक्त तीस वर्षं लवकर आला. जे भोक त्याला बुजवू दिलं नाही, त्यातूनच १७८९ साली क्रांती वर आली, आणि मग चांदीच्या ताटांचा प्रश्न कायमचा मिटला.

पॅरिसने त्याचा सूड फॅशनने घेतला. जे जे कंजूष, कोरडं, अपुरं, ते 'सिलुएतच्या धर्तीचं' ठरलं. बिनखिशांच्या विजारी निघाल्या, खिशात ठेवायला काही उरलंच नाही म्हणून. तपकिरीच्या डब्या साध्या लाकडाच्या झाल्या. आणि रंगांचा खर्च नको म्हणून चेहऱ्याची नुसती काळी सावली कापून काढण्याची जी स्वस्त तसबीर होती, तिलाही हेच नाव पडलं. नाव नेमकं का पडलं यावर तीन पक्ष आहेत. एक म्हणतो, कंजुषीमुळे. दुसरा म्हणतो, सावलीसारखा आला आणि गेला म्हणून. तिसऱ्या पक्षाचं म्हणणं असं, की मंत्रिपद गेल्यावर हा माणूस पॅरिसजवळच्या ब्री-स्युर-मार्न इथल्या आपल्या वाड्यात राहायला गेला आणि पाहुण्यांच्या सावल्या भिंतीवर आखून त्यांच्या आकृती काढण्यात त्याने दिवस घालवले. विद्वानांचा ओढा पहिल्या पक्षाकडे आहे. मी निर्लज्जपणे तिसऱ्यात आहे. ज्याला देशाचा खर्च कमी करू दिला नाही, त्याने एकेका माणसातला रंग, कपडे, हुद्दा, तोरा सगळं वजा करत नाक आणि हनुवटीपुरती शिल्लक भिंतीवर मांडावी, यात अंदाजपत्रकाचा हळवा शेवट आहे.

शिवाय भिंतीवर सावली आखण्याचं वेड माझ्या ओळखीचं आहे. आमच्या आजोळी वीज गेली की मामा कंदील जमिनीवर ठेवायचा आणि चुलीतल्या विझल्या कोळशाने भिंतीवर जो सापडेल त्याची सावली आखायचा. मुलं हलत, म्हणून आमचे आकार भुतांसारखे येत. नीट बसायची ती एकटी आजी, कारण तिच्या हातात त्या वेळी निवडायचे तांदूळ असत आणि तांदूळ निवडणारा माणूस मानेचा हिशेब विसरतो. तिचं थोडं पुढे झुकलेलं नाक, मागे सुपारीएवढा अंबाडा, ओठ किंचित पुढे, बहुधा मामाला रागवायच्या तयारीत. सावली पूर्ण झाली की ती रागवायचीच, "भिंत काय तुझा बाप पुसणार आहे का?" आणि बाप म्हणजे आमचे आजोबा, ते पलीकडे झोपाळ्यावर बसून "मी कशाला पुसू, चांगली आली आहे की," म्हणायचे. दिवाळीच्या चुन्याखाली ती रेघ गेली. पण कोळसा चुन्याला फारसा जुमानत नाही. पुढच्या पावसाळ्यात भिंत ओली झाली की आजीचं नाक पुन्हा वर यायचं. त्या घरात आजीचा फोटो नव्हता. तिचं माहेरचं आडनावही तिच्या नातवंडांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. तिचं आडनाव बदललं होतं, नाव लग्नात बदललं होतं, नाक तेवढं बदललं नव्हतं.

मंत्र्याच्या मागे त्याचं नाव मात्र भरधाव सुटलं. ते खालच्या वर्गात उतरलं, पहिलं अक्षर लहान झालं, आणि मग त्याला कोणी अडवलं नाही. १८२०च्या दशकात ओग्युस्त एदुआर नावाचा फ्रेंच माणूस इंग्लंडात काळा कागद दुमडून सपासप चेहरे कापत होता. इंग्रजीत हे नाव रुळवण्यात त्याचा मोठा हात. तो कागद दुमडून कापे, म्हणजे एका वेळी दोन प्रती निघत. एक गिऱ्हाइकाला, दुसरी स्वतःच्या वहीत, खाली नाव आणि तारीख. अशा हजारो सावल्या त्याने इंग्लंड-अमेरिकेत जमवल्या. त्या सांख्यिकी संस्थेच्या कितीतरी आधी एका माणसाने कात्रीने केलेली ही जनगणना. १८४९ साली परतताना गर्न्झी बेटाजवळ जहाज फुटलं आणि त्याच्या बऱ्याचशा वह्या समुद्रात गेल्या. त्यानंतर त्याने म्हणे कात्री हातात धरली नाही. त्याच्या कामाचा एक गुण कोणी फारसा बोलून दाखवत नाही. चेहरा कापून घेतला की मागे उरलेल्या कागदात त्याच चेहऱ्याचं भोक असतं. बास्क शेतकऱ्याने पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवलं होतं.

ब्री-स्युर-मार्नची गोष्ट इथे संपत नाही. सिलुएत १७६७ साली तिथे वारला. पुढच्या शतकात त्याच गावात लुई दागेर राहायला आला, छायाचित्रणाचा आद्य पुरुष, ज्याच्या यंत्राची घोषणा १८३९ साली झाली आणि कात्रीने चेहरे कापणाऱ्यांचं पोट बघता बघता गेलं. दागेरने ब्रीच्या लहानशा चर्चमध्ये १८४२ साली असा एक पडदा रंगवला की आत शिरणाऱ्याला वाटावं, चर्च मागे लांबच लांब जात गॉथिक महामंदिर झालं आहे. १८५१ साली तोही तिथेच वारला. आता आडनाव बघा. दागेर हेसुद्धा मूळ बास्क. 'आगेरे' म्हणजे उघड्यावरची, दुरून नजरेत भरणारी जागा. भोकांच्या जागेचा माणूस आणि नजरेत भरणाऱ्या जागेचा माणूस, एकाच्या नावाने सावली आणि दुसऱ्याच्या नावाने फोटो, आणि दोघांची अखेर मार्न नदीकाठच्या एकाच गावात. कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर संपादकाने निळ्या पेन्सिलीने काट मारली असती.

आणि एक सिलुएत हिंदी महासागरात आहे. सेशेल्समधलं एक मोठं बेट, डोंगराळ, जंगलाने गच्च भरलेलं, त्याला फ्रेंचांनी या मंत्र्याचं नाव दिलं. बेटाच्या किनाऱ्याजवळ प्रचंड शिळा एकमेकींवर रेललेल्या आहेत आणि त्यांच्या फटींत, गुहांत सेशेल्सचं एक चिमुकलं वटवाघूळ राहतं. जगातल्या अतिदुर्मीळ सस्तन प्राण्यांत त्याची गणना होते आणि त्याची मुख्य वस्ती इथेच. बियारित्झपासून इतक्या लांब, विषुववृत्ताच्या पलीकडे, सिलुएता नावाच्या जागेवर खरोखरच भोकं आहेत आणि त्यांत खरोखरच कोणीतरी राहतं आहे, हे आर्नोच्या पूर्वजांना कळवायला हवं होतं.

दुर्मीळ आडनावं का बुडतात, याचं गणितही आहे. १८७३ साली इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टनने एका शैक्षणिक मासिकात हा प्रश्न कोड्यासारखा घातला : प्रत्येक पुरुषाला शून्य, एक, दोन, तीन मुलगे होण्याची शक्यता ठाऊक असेल, तर पिढ्यांमागून पिढ्यांत किती आडनावं नाहीशी होतील? वॉटसन नावाच्या पाद्रीबुवांनी ते सोडवायला घेतलं, रीत अचूक बसवली, आणि उत्तर काढलं की सगळीच आडनावं एक दिवस नाहीशी होणार. पाद्र्याला शोभणारं उत्तर, पण चुकलेलं. समीकरणाला आणखी एक उकल होती, ती त्यांच्या नजरेतून निसटली. सरासरी एकापेक्षा अधिक मुलगे होत असतील तर आडनावाला तगून राहायची संधी असते. मौज अशी की हे सगळं एका फ्रेंच माणसाने १८४५ सालीच बरोबर मांडलं होतं. त्याचं आडनाव बिएनेमे, म्हणजे लाडका. या लाडक्याला जग सव्वाशे वर्षं साफ विसरलं. १९७२ साली दोघा संशोधकांनी त्याला शोधून काढलं, आणि आता त्या गणिताला त्याचं नाव गॉल्टन-वॉटसनच्या आधी लावतात. आडनावं कशी बुडतात हे पहिल्यांदा सांगणाऱ्याचंच नाव बुडालं होतं.

गणित मुलग्यांचंच होतं, कारण कायदा मुलग्यांचाच होता. फ्रान्समध्ये आडनावाशी खेळायची सोय फार थोडा काळ मिळाली. क्रांतीच्या धुंदीत लोक ब्रूटस आणि ग्राकस व्हायला लागले, नोंदी ठेवणारे जेरीस आले, आणि २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने सांगून टाकलं की जन्मनोंदीत आहे तेच नाव लावायचं. तो कायदा आजही चालू आहे. त्याआधी ज्यांनी नाव दुरुस्त करून घेतलं ते सुटले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात भेटतो तो डी बॉइन, महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभारणारा, त्यांतलाच. सव्हॉयमधल्या शांबेरी गावी, जे तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, १७५१ साली कातडी-लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला तो बेन्वा लबॉर्न्य म्हणून, आणि लबॉर्न्य म्हणजे एकाक्ष. एखाद-दुसरं अक्षर इकडे तिकडे केलं, पुढे 'द' लावला, आणि एकाक्षाचा सरदार झाला. हिंदुस्थानात मिळवलेल्या पैशातून त्याने गावाला भरभरून दिलं. गावाने १८३८ साली त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचं कारंजं बांधलं, पण हत्ती फक्त पुढून अर्धे. शांबेरीकर त्यांना प्रेमाने 'मागची बाजू नसलेले चौघे' म्हणतात. माणसाने कितीही चांगलं नाव धारण केलं तरी टोपणनाव ठेवायचा हक्क गाव सोडत नाही.

पहिल्या महायुद्धाने हे गणित एकदम उग्र केलं. खेड्याखेड्यांतल्या स्मारकांवर एकेका आडनावाची तीन-तीन, चार-चार माणसं कोरलेली दिसतात. ज्या घराण्याचा शेवटचा पुरुष निपुत्रिक असताना रणांगणावर पडला, त्याचं नावही त्याच्याबरोबर मातीत जाणार होतं. म्हणून २ जुलै १९२३ ला फ्रान्सने एक कायदा केला. अशा माणसाचा जवळचा वारस त्याचं आडनाव आपल्या आडनावाला जोडून पुढे चालवू शकतो. कायद्याची पुस्तकं मी हौसेने चाळतो, पण एखाद्या देशाने मेलेल्या माणसाचं आडनाव दत्तक देण्याची व्यवस्था कलमात बसवलेली मला दुसरीकडे दिसली नाही. सिलुएतसारखं नशीब सगळ्यांचं नसतं. बहुतेक दुर्मीळ आडनावांना शब्दकोश आसरा देत नाही, बेटं मिळत नाहीत, आणि त्यांच्यासाठी कोणा भाच्याने, पुतणीने अर्ज करणं एवढाच उपाय असतो.

मुलींना आपलं आडनाव पुढे चालवायचा हक्क मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. १ जानेवारी २००५ पासून फ्रान्समध्ये बाळाला आईचं, वडिलांचं किंवा दोघांचं आडनाव देता येतं. आणि १ जुलै २०२२ पासून कुठल्याही प्रौढ माणसाला आयुष्यात एकदा, कारण न सांगता, आपल्या आडनावाच्या जागी किंवा जोडीला आईचं आडनाव घेता येतं. त्यासाठी नगरपालिकेत एक कागद भरायचा असतो आणि पैसे पडत नाहीत. मात्र नाव त्याच दिवशी मिळत नाही. घरी जाऊन निदान एक महिना विचार करायचा, आणि मग स्वतः पुन्हा खिडकीशी येऊन सांगायचं, की हो, हेच हवं आहे.